मोबाईलवर शॉर्टफिल्म करतोय, एकच वस्तू घ्यायची तर गिंबल की माइक? आणि त्या ट्यूबलाइटच्या पट्ट्यांचं काय करू?

ढगाळ_दुपार:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारी एक शॉर्टफिल्म शेवटी करायला घेतलीय. सात-आठ मिनिटांची. सगळी गोष्ट एकाच खोलीत घडते, पात्रं दोनच, भाऊ आणि बहीण. वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला बसलेत आणि आवरता आवरता एक जुनं भांडण वर येतं, संध्याकाळी सुरू होतं आणि रात्री संपतं, संपतं म्हणजे मिटत नाही पण ते असो. दोघंही नट नाटकात काम केलेले आहेत, त्यामुळं अभिनयाची चिंता नाही. चिंता कॅमेऱ्याची आहे, कारण कॅमेरा म्हणजे माझा फोन. अँड्रॉइड, मधल्या रेंजचा, मागं तीन लेन्सवाला.

टेस्ट म्हणून एक सीन घेऊन बघितला. बहीण खिडकीपासून कपाटापर्यंत चालत येते तेवढ्यात अख्खी फ्रेम आधी काळवंडते मग भसकन उजळते, आणि चेहऱ्याचा रंगही निळसरचा पिवळट होत जातो, जसं काही कोणीतरी मागून बटणं फिरवतंय. रात्रीच्या भागात भिंतीवर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आवाजाचं तर विचारू नका, फोनजवळच्या भावाचं सगळं कळतं आणि कपाटापाशी उभ्या बहिणीचं निम्मं जातं. म्हणून दुसऱ्या फोनवर आवाज वेगळा रेकॉर्ड करून जोडला, तर टेकच्या सुरुवातीला ओठ जुळतात आणि शेवटाकडे यायला लागलं की बोलणं एकीकडं आणि ओठ दुसरीकडं.

एक मित्र म्हणतो आधी गिंबल (हात हलला तरी फोन स्थिर धरणारी मोटरवाली दांडी) घे, त्याशिवाय फिल्म 'सिनेमॅटिक' वाटणार नाही. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. काय घेऊ? आणि शूट 4के करू का फुल एचडी?

कात्रीवाला:

ओठांचं आधी घेतो, कारण ते माझ्या खात्यातलं आहे. दुसऱ्या फोनचा काही दोष नाही, गडबड कॅमेऱ्यावाल्या फोनची आहे. सेटिंगमधे ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, लिहिलेलं असलं तरी फोन काही ते इमानेइतबारे पाळत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो गुपचूप फ्रेम कमी करतो, परत उजेड आला की परत वाढवतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनवरच बघितलं तर काही कळत नाही, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचून दाखवतो. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा धरून चालतं की सगळ्या फ्रेम सारख्या अंतरानं आल्यात, तिथं चित्र थोडं थोडं सरकत जातं आणि टेक जेवढा लांब तेवढा फरक जास्त.

जे शूट झालंय ते वाचवायचं असेल तर हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करून क्लिप आधी बदलून घ्या आणि मग एडिटला घ्या. ओरिजिनल फाइल उडवू नका मात्र. पुढच्या शूटला सरळ फोनचा स्वतःचा कॅमेरा ॲप सोडा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, आधी २०२३ मधे आयफोनला आलं आणि २०२४ मधे अँड्रॉइडला, पण अँड्रॉइडमधे ठराविकच मॉडेलवर चालतं. तुमच्या फोनवर नसेल तर ओपन कॅमेरा बघा, तेही फुकट. दिसायला अगदीच साधं आहे पण एक्स्पोजर (चित्र किती उजळ ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंग किती निळसर-पिवळट ते) लॉक करता येतं आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

अजून एक, सेटिंगमधे एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला पकडणारा प्रकार) असेल तर बंद ठेवा. एचडीआरमधल्या क्लिप साध्या टाइमलाइनवर टाकल्या की चेहरे पांढरेफटक दिसतात, मग लोक कलर करायला बसतात आणि सगळीच वाट लागते.

तिपाई:

पट्ट्या आणि उजळणं-काळवंडणं या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, फोन सगळं स्वतः ठरवतोय. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं.

आता नीट सांगते. बहुतेक फोनांच्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, फिक्स असतं, कमीजास्त होत नाही. म्हणजे उजेड सांभाळायला फोनकडं दोनच चाव्या उरतात, शटर स्पीड (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते, १/५० म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) आणि आयएसओ (आलेला उजेड फोन किती वाढवून दाखवतो). ऑटोवर ठेवलं की तो या दोन्ही सतत फिरवत बसतो, बहीण खिडकीजवळ आली की एक निर्णय, कपाटाकडं गेली की दुसरा, आणि तुम्हाला दिसलं ते हेच. रंगाचंही तसंच, ऑटो व्हाइट बॅलन्स खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड यांच्यात हेलकावे खातो. बहीण जिथं जास्त वेळ थांबणार आहे तिथं तिला उभं करा, तिच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर बसवा, व्हाइट बॅलन्स बसवा, दोन्ही लॉक करा. मग ती चालताना खिडकीशी थोडी जास्त उजळ आणि कपाटाशी थोडी अंधारी दिसेल, दिसू दे. खोलीत असंच असतं. डोळ्याला खुपतो तो अंधार नव्हे, उजेडाची उडी खुपते.

पट्ट्या: ५० हर्ट्झ वीज असेल तर ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोनचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीनं वरून खाली वाचत जातो, म्हणून काही ओळी उजळ क्षणी वाचल्या जातात आणि काही मंद क्षणी. शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक केला की प्रत्येक ओळीला पूर्ण ठोके मिळतात आणि पट्ट्या गायब. फ्रेम रेट २५ घ्या, २५ ला १/५० हे गणितही बसतं, कारण शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवला की हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. फोनमधे २५ नसेल तर ३० वर शूट करा पण शटर १/५० च ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तर ३० एफपीएस आणि १/६०. एवढं करूनही एखाद्या दिव्याखाली पट्ट्या राहिल्याच तर तो दिवा डिमरवर आहे का बघा. स्वस्त एलईडी डिमरवर मंद केला की त्याची लुकलुक वेगळ्याच वेगानं चालते, तिथं शटरचं गणित चालत नाही. दिवा फुल्ल करायचा नाहीतर बदलायचा.

गिंबलबद्दल माझं मत विचाराल तर नको. खोलीत बसून भांडणारी दोन माणसं आहेत, कॅमेरा त्यांच्याभोवती तरंगत कशाला फिरवायचा? साधा ट्रायपॉड आणि फोन पकडायचा क्लॅम्प कोणाकडून तरी मागून आणा. आणि ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करा. ते फ्रेम कडेनं कापतं आणि तुम्ही पॅन केलंत, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवलात, की पॅन संपल्यावर चित्र जरा घसरून थांबतं, फार विचित्र दिसतं ते.

कान_देऊन_ऐका:

माइक घ्या. यात चर्चा करण्यासारखं काही नाही खरं तर, पण का ते लिहितो.

चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, शैली आहे म्हणतात. संवाद कळला नाही की दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. आणि फोनचा माइक वाईट नसतो, तो फक्त लांब असतो. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, पण खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते. म्हणून बहीण ऐकू येत नाही. आवाज मोठा केलात तर पंखाही मोठा होणार, बहीण काही जवळ येणार नाही.

त्यामुळं कॉलरचे दोन छोटे माइक, म्हणजे लॅव्हेलियर. वायरलेस जोडी परवडली तर उत्तम, नाहीतर वायरचे घ्या आणि प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या खिशात. माइक हनुवटीपासून एक वीत खाली, सदऱ्याच्या आत लपवायचा असेल तर कापड त्याच्यावर घासत नाही ना बघा. बहिणीला कपडे घडी घालायचे असतील, छातीशी धरायचे असतील तर तो खरखराट नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं जात नाही. तिला सांगा, हातातला सदरा छातीला लावायचा नाही, किंवा तेवढ्या शॉटला तिच्यावर माइक नकोच, फ्रेमच्या वर कशाला तरी बांधून लटकवा.

वायरचा माइक घेताना पिन बघून घ्या. पिनेवर दोन काळ्या रिंगा असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा, तीन असतील तर फोनसाठीचा. दोन रिंगांचा फोनला लावला की बहुतेक वेळा फोन तो ओळखतच नाही, आपल्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि तुम्हाला ते घरी गेल्यावर कळतं. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखानं टिचकी मारायची आणि मग हेडफोननं ऐकायची. टिचकी दणकून आली तर बरोबर माइक चालू आहे. ब्लूटूथ इअरबडचा माइक वापरूच नका, आवाज फोनकॉलसारखा दबलेला येतो आणि उशिराही येतो.

दुसऱ्या फोनवरच्या रेकॉर्डर ॲपमधे नॉइज रिडक्शन, ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं) असलं काही असेल तर बंद. ऑटो गेन भांडणाच्या सीनमधे फार खोड्या करतो, ओरडलं की आवाज दाबतो, शांतता आली की पंखा वर आणतो, आणि तुमच्या सीनमधली शांतताच तर महत्त्वाची आहे. प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी. तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजातला तो उंच टोक आलेला ठिपका एकावर एक ठेवले की सिंक झालं.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमधेच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. आणि शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्याच खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधे जिथं आवाज कापाल तिथं ती लागते, तिथं नुसता शून्य आवाज ठेवला की कानाला खड्डा जाणवतो.

जुनं_रीळ:

सगळं खरं आहे पण मला एक समजत नाही, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा दोन दिवस एखादा बरा कॅमेरा भाड्यानं का नाही आणत? सेन्सर एवढासा, रात्रीच्या सीनला नॉइज येणार, मागचं सगळं शार्प दिसणार. फोन तो फोनच शेवटी. तो कोणीतरी आयफोनवर पिक्चर काढला म्हणून सगळे उड्या मारतात.

पडद्यामागची:

@जुनं_रीळ, उड्या मारायचं कारण आहे हो. कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक आणि त्यांचे भाऊ पार्क चान-क्योंग यांनी आयफोन ४ वर शॉर्टफिल्म केली आणि तिला २०११ मधे बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला शॉर्टफिल्मचं गोल्डन बेअर मिळालं, आयफोन ४ चा कॅमेरा आजच्या कुठल्याही मधल्या फोनपुढं काहीच नाही. २०१५ मधे शॉन बेकरचा 'टँजरीन' आला तो आयफोन ५एस वर. पण तुमची निम्मी बाजू मी घेते, कारण या दोन्ही वेळी नुसता फोन नव्हता. बेकरच्या टीमनं फोनवर ॲनामॉर्फिक अडॅप्टर (सिनेमासारखी रुंद फ्रेम देणारी जोडलेन्स) लावले होते, मॅन्युअल कंट्रोलचं ॲप होतं, आणि पार्कसारखा दिग्दर्शक फोन हातात घेतो तेव्हा त्याच्या मागं अनुभवी माणसं उभी असतात. फोननं कॅमेऱ्याचं ओझं कमी केलं, बाकी कामं होती तेवढीच राहिली.

आणि भाड्याच्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर @ढगाळ_दुपार यांच्याकडं तो चालवणारा माणूस आहे का? दोन दिवसांचं घड्याळ डोक्यावर घेऊन मेनू शोधत बसण्यापेक्षा रोज हाताळलेला फोन बरा. नाटकातले नट आहेत म्हणताय, त्यांच्याबरोबर त्याच खोलीत फोन हातात घेऊन तालमी करा, शूट न करता नुसतं बघा कुठून काय दिसतं. ही चैन भाड्याच्या कॅमेऱ्यात मिळत नाही.

एक दिग्दर्शनाची गोष्ट सांगते जी कोणी बोललं नाही. दोन पात्रांच्या मधे एक रेघ आहे असं समजा, सगळे शॉट त्या रेघेच्या एकाच बाजूनं घ्या. नाहीतर क्लोजअपमधे भाऊही उजवीकडं बघतोय आणि बहीणही उजवीकडं, मग ती एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. भांडण फिरतं त्या क्षणी मुद्दाम रेघ ओलांडायची असेल तर ओलांडा, पण ओलांडताना बहिणीला चालत दुसऱ्या बाजूला जाताना दाखवा म्हणजे बघणाराही तिच्याबरोबर जातो.

ढगाळ_दुपार:

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री शटर १/५० लॉक करून बघितलं, पट्ट्या खरंच गेल्या!! माइकचंही ठरलं. मित्राला अजून सांगितलं नाहीये, तो गिंबलचे व्हिडिओ पाठवतोच आहे.

दोन-तीन शंका राहिल्यात. शेवटी दिवे जातात आणि दोघं टेबललॅम्पच्या उजेडात बोलतात (लॅम्प चार्जिंगचा आहे), तिथं आयएसओ वाढवला की चित्रात मुंग्या येतात. क्लोजअपला झूम करू का वाइडनं जवळ जाऊ? पोर्ट्रेट व्हिडिओ मोडनं मागचं ब्लर केलं तर चालेल? आणि 4के चं राहिलंच.

तिपाई:

मुंग्या येतात कारण तुम्ही अख्खी खोली दिसावी म्हणून आयएसओ वाढवताय. दिवे गेलेत ना, मग खोली दिसायची गरज नाही. एक्स्पोजर लॅम्पच्या बाजूच्या गालावर बसवा आणि बाकीचं काळं होऊ द्या. लॅम्प फ्रेममधे ठेवा पण तो सरळ लेन्सकडं तोंड करून नको, भिंतीकडं किंवा टेबलावरच्या पांढऱ्या कागदाकडं वळवा, तिथून उलटून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. तरी कमी पडला तर फ्रेमच्या बाहेर त्याच बाजूला, त्याच रंगाचा दुसरा दिवा लावा, बघणाऱ्याला तो लॅम्पचाच वाटेल. चार्जिंगचे दिवेही कधीकधी लुकलुकतात, आधी टेस्ट घ्या.

लेन्सचं म्हणाल तर मेन लेन्स, म्हणजे १x, तीच वापरा. बऱ्याच फोनांत सगळ्यात मोठा सेन्सर तिच्यामागं असतो म्हणून अंधारात तीच टिकते. अल्ट्रावाइडनं चेहऱ्याजवळ गेलात तर नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, ते विनोदाला ठीक आहे. बोटांनी चिमटा काढून झूम करू नका, तिथं फोन नुसतं चित्र कापून ताणतो. तुम्ही स्वतः दोन पावलं पुढं जा. तिसरी लेन्स खरी टेली (लांबचं जवळ आणणारी) आहे का नुसती मॅक्रो (अगदी जवळच्या बारीक वस्तूंची) आहे ते बघा, मधल्या रेंजच्या फोनांत पुष्कळदा मॅक्रो असते आणि तिचा इथं काही उपयोग नाही.

पोर्ट्रेट मोड नको. केसांच्या कडा, चष्म्याची दांडी, हातातला हँगर, असल्या ठिकाणी ते ब्लर गडबडतं, आणि तुमची तर गोष्टच कपाटातल्या वस्तूंची आहे. ब्लर हवंच तर माणूस भिंतीपासून लांब उभा करा आणि तुम्ही जवळ जा, जेवढं मिळेल तेवढं मिळेल.

आणि लेन्स पुसा. हसू नका, दिव्याभोवती येणारं धुकं निम्म्या वेळा बोटांच्या तेलाचं असतं.

कात्रीवाला:

4के बद्दल: 4के मधे पिक्सेल फुल एचडीच्या चौपट असतात, म्हणजे फिल्म शेवटी फुल एचडीत काढायची असेल तर 4के फ्रेमचा मधला पाव भाग कापून घेतला तरी चित्र फाटत नाही. एकाच टेकमधून दोघांचा एकत्र शॉट पण मिळतो आणि एकाचा जवळचा पण, नटांचा चांगला टेक वाया जात नाही. तुमच्यासारख्या संवादाच्या फिल्मला हे फार कामाचं. पण दोन्ही शॉट एकाच कोनातले असतात, ते लागोपाठ जोडले की डोळ्याला उडी वाटते, म्हणून खरा क्लोजअप जागा बदलून वेगळा घ्याच.

जागेचा हिशोब करा. आयफोनच्या सेटिंगमधे लिहिलेलं असतं, हाय एफिशियन्सी (फाइल लहान ठेवणारा फॉरमॅट) मधे ३० एफपीएसला फुल एचडीचं एक मिनिट साधारण ६० एमबी आणि 4के चं १७० एमबी. तुमच्या फोनवर बिटरेटप्रमाणं (सेकंदाला किती डेटा साठवतो त्याप्रमाणं) हा आकडा बदलेल, कदाचित बराच वाढेल. आठ मिनिटांच्या फिल्मला तासभर फुटेज सहज होतं. कॉम्प्युटर जुना असेल तर 4के अडखळेल, तेव्हा एडिटिंगला प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, बनवा, डाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनमधे ती सोय आहे. आणि फुटेज कॉम्प्युटरवर केबलनं घ्या, व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबून चिंधी करून देतं. काही नसेलच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कान_देऊन_ऐका:

शूटच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर, सगळे फोन, खिशातले रेकॉर्डिंगवाले पण. मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग तिथंच तुटू शकतं. वायरलेस माइकचा रिसीव्हर फोनच्या चार्जिंगच्या पोर्टला लागत असेल तर त्या वेळी चार्जिंग होईल का ते आधी बघून ठेवा, सगळ्यांत होत नाही.

जुनं_रीळ:

बरं बाबा, पटलं थोडंफार. माझ्याकडं जुना ट्रायपॉड पडून आहे पण क्लॅम्प नाही. दोन टेकच्या मधे फोनची कव्हर काढून ठेवत जा, जाड कव्हरमधे तापतो लवकर, आणि तापला की ते कात्रीवाले म्हणतायत ते सगळं परत सुरू.

पडद्यामागची:

कपाटातल्या वस्तूंचे शॉट वेगळे घ्या, नट घरी गेल्यावर निवांत. चष्म्याचं घर, बंद पडलेलं घड्याळ, पावत्यांची पिशवी, जे काही असेल ते, आणि प्रत्येक शॉट हात आत येण्याच्या आधीपासून हात बाहेर जाईपर्यंत. एडिटला बसल्यावर संवादाचा एखादा तुकडा कापायचा झाला की वर ठेवायला काहीतरी लागतंच. हात मात्र त्याच नटाचे हवेत, नाहीतर घड्याळाच्या पट्ट्यावरून लोक पकडतात.

ढगाळ_दुपार:

हाताचं लक्षातच आलं नव्हतं, बहिणीच्या हाताला मेंदी आहे सध्या! तारीख पुढं ढकलतो.

कात्रीवाला:

ढकला. आणि शूटच्या दिवशी सकाळी फोन सॉफ्टवेअर अपडेट करू का विचारेल, नाही म्हणा.